डॅलसकडचे मेक्सिकन स्पोर्ट्स बार: काय मागवावं, कधी मागवावं

डॅलस-फोर्ट वर्थच्या उपनगरांत कुठेही जा, आयर्विंग असो, प्लेनो असो की फ्रिस्को, चौकातल्या दुकानांच्या रांगेत एक तरी मेक्सिकन हॉटेल सापडतंच. शेजारी केस कापायचं दुकान, पलीकडे ड्रायक्लीनर, आणि दारावर त्या आठवड्याच्या मॅचचं पोस्टर. आत अर्ध्या जागेत टेबलं, उरलेल्या जागेत बार आणि नजर जाईल तिथे टीव्ही. खाणं टेक्स-मेक्स, म्हणजे टेक्सासमधल्या मेक्सिकन कुटुंबांनी घडवलेलं. जिरं, पिवळं चीज, गव्हाच्या टॉर्टिया (पातळ पोळ्या) आणि बीफ यांचा त्यात सढळ वापर असतो. मेक्सिको सिटीतल्या जेवणाशी तुलना करून याला नाक मुरडण्यात काही अर्थ नाही. डॅलसमधलं ‘एल फेनिक्स’ 1918 साली सुरू झालं. शंभर वर्षांहून जुनी अशी ही स्वतंत्र परंपरा आहे, आणि मन लावून केलेलं टेक्स-मेक्स खरोखर सुरेख लागतं.

इथे एका हॉटेलाबद्दल लिहिलेलं नाही, या सगळ्या जमातीबद्दल लिहिलं आहे. पाट्या वेगळ्या असल्या तरी मेनूची मांडणी आणि स्वयंपाकघराची पद्धत इतकी सारखी असते की ती एकदा कळली की कुठेही व्यवस्थित जेवता येतं. आमचं मत आधीच सांगून टाकतो. या जागा आठवड्यातून एकदा जेवायला जाण्याच्या नक्कीच लायकीच्या आहेत. जेवण फसतं ते बहुतेक वेळा दोन कारणांनी: स्वयंपाकघराचा रोजचा हातखंडा सोडून मेनूच्या मागच्या पानावरचं काहीतरी मागवलं जातं, किंवा मॅचच्या ऐन गर्दीत ऑर्डर दिली जाते.

पहिल्या पाच मिनिटांत काय बघावं

बसल्याबरोबर चिप्सची टोपली आणि साल्सा, म्हणजे टोमॅटो-मिरचीची चटणी, समोर येतो. टेक्सासमध्ये हे सहसा फुकट असतं आणि संपलं की पुन्हा भरून मिळतं. ही टोपली नीट बघा. चिप्स कोमट आणि पातळ असाव्यात, काहींवर बारीक फोड आलेले असावेत. मक्याच्या टॉर्टियाचे चार किंवा सहा तुकडे करून साधारण 175 अंश सेल्सियसला दीड-दोन मिनिटं तळले की त्या अशा होतात. टॉर्टिया आदल्या दिवशीच्या असल्या तर उत्तमच, कारण ओल कमी असल्याने त्या लवकर कुरकुरीत होतात आणि तेल कमी पितात. तेल नीट तापलेलं नसेल तर चिप्स जड होतात आणि बोटांना तेल लागतं. सगळ्या चिप्स गार, जाड, एकाच रंगाच्या आणि अगदी एकाच मापाच्या असतील तर त्या पिशवीतून आलेल्या आहेत. दिवसभर टोपल्यांमागून टोपल्या भरणाऱ्या हॉटेलाला चिप्स तळायचा कंटाळा येत असेल, तर आत बाकीच्या कामात किती कंटाळा चालत असेल याचा अंदाज तिथेच बांधावा आणि ऑर्डर साधी ठेवावी.

साल्सात काळे ठिपके दिसले तर समाधान मानावं. याचा अर्थ टोमॅटो, कांदा आणि मिरच्या आधी भाजून मग वाटल्या आहेत. डबाबंद टोमॅटोचा साल्सा गोडसर लागतो आणि त्याचं पाणी वेगळं होऊन वाटीच्या कडेला साचतं. बऱ्याच ठिकाणी एक हिरवा, दाटसर साल्साही असतो, पण तो न मागता मिळत नाही. दिसायला क्रीम घातल्यासारखा असला तरी तो बहुधा नुसत्या हलापेन्यो मिरच्या आणि लसूण तेलाबरोबर घुसळून केलेला असतो. तिखट खाणाऱ्या माणसाने ‘चिलेस तोरेआदोस’ मागवावेत. ताव्यावर फोड येईपर्यंत भाजलेल्या अख्ख्या हलापेन्यो किंवा सेरानो मिरच्या, वर मीठ आणि लिंबू. मेनूवर नसल्या तरी विचारल्यावर दोन-तीन डॉलरला करून देतात, आणि पुढच्या प्रत्येक पदार्थाला त्या उपयोगी पडतात.

केसो, म्हणजे वितळलेल्या चीजची वाटी, इथे जवळजवळ प्रत्येक टेबलावर असते. ती प्रोसेस्ड चीजचीच असते आणि तशीच असायला हवी. जुनं, कोरडं चेडर वितळवलं की तूप सुटतं आणि गोळे होतात. केसो वाफाळता यायला हवा. वर साय धरलेली असेल तर तो गरम पेटीत बराच वेळ पडून आहे, सरळ परत पाठवावा. छोटी वाटी तिघांना पुरते. मोठी वाटी अर्ध्यावर गार होऊन घट्ट बसते, म्हणून लागली तर दुसरी छोटी मागवणं बरं.

दुसरी परीक्षा टॉर्टियाची. दारातून आत येताना एखादी बाई काउंटरमागे पिठाचे गोळे दाबून ताव्यावर टाकताना दिसली तर त्या हॉटेलात गव्हाची टॉर्टिया सोडून दुसरी मागवू नये. ताजी टॉर्टिया मऊ असते, तपकिरी डाग एकसारखे नसतात, आणि दुमडली तर चिरत नाही. विकतची टॉर्टिया पांढरीफटक असते आणि घडीवर फाटते. मक्याच्या टॉर्टियासाठी मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर भिजवून, सालं काढून मग दळतात. त्या चुन्यानेच तिला तो खास वास येतो, पीठ मळताना एकजीव होतं आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. गल्लीतल्या हॉटेलात हे सगळं कोणी करत बसत नाही, अशा मक्याचं तयार पीठ (स्पॅनिशमध्ये ‘मासा’) वापरतात. त्यात गैर काही नाही, फक्त टॉर्टिया गरम असायला हवी. गार झालेली मक्याची टॉर्टिया तुकडे पडून ताटात येते.

फहिता

भाजलेल्या मांसाच्या पट्ट्या टॉर्टियात गुंडाळून खायच्या, तो फहिता. या हॉटेलांतला सगळ्यात महाग आणि सगळ्यात जास्त मागवला जाणारा पदार्थ हा, त्यामुळे जरा सविस्तर. मूळ फहिता म्हणजे गायीच्या छातीखालच्या पडद्याचा लांब, पातळ स्नायू, म्हणजेच स्कर्ट स्टेक. दक्षिण टेक्सासच्या रँचवर हा हलका तुकडा मजुरांच्या वाट्याला यायचा. 1969 साली सनी फाल्कन यांनी काइल गावातल्या एका कार्यक्रमात तो विकायला ठेवला, आणि 1973 नंतर ह्यूस्टनच्या निन्फा लॉरेन्झो यांच्या हॉटेलाने तो शहरभर नेला. एकेकाळचा हा स्वस्त तुकडा आज चांगलाच महाग आहे, म्हणून पुष्कळ ठिकाणी त्याच्या जागी फ्लँक किंवा सरलॉइनच्या पट्ट्या देतात. ओळखायची खूण सोपी आहे. स्कर्ट स्टेकच्या मांसाचे धागे जाड आणि मोकळे असतात, चरबीच्या रेषा मधूनमधून दिसतात, आणि कडा करपलेल्या असल्या तरी आतून तो रसरशीत राहतो. सरलॉइन गुळगुळीत आणि कोरडा लागतो.

मांस लिंबू, लसूण, कधी सोया सॉस, कधी अननसाच्या रसात मुरवतात. अननसातलं एन्झाइम मांस लवकर मऊ करतं, पण रात्रभर ठेवलं तर त्याचा लगदा होतो. घास दाताखाली न चावता नुसता विरघळला, तर असं झालेलं असतं. शिजवणं मात्र मिनिटांचं काम आहे: फुल आचेवर प्रत्येक बाजूला दोन-तीन मिनिटं, जरा विश्रांती, आणि मग धाग्यांना आडवं कापणं. कापणाऱ्याने धाग्यांच्या दिशेने सुरी चालवली की उत्तम तुकडासुद्धा चामड्यासारखा लागतो. घाईच्या वेळी हीच चूक सगळ्यात जास्त होते.

चर्रर्र आवाज करत येणाऱ्या लोखंडी तव्यावर फार भाळू नका. तवा ओव्हनमध्ये तापवून, वर कांदा टाकून, थोडं तेल किंवा पाणी शिंपडलं की आवाज आणि वाफ दोन्ही येतात. मांस आधी ग्रिलवर झालेलं असतं. बघायचं ते तव्याच्या तळाशी. तिथे राखाडी पाणी साचलं असेल आणि पट्ट्या एकसारख्या राखाडी असतील, तर मांस आधीच भाजून वाफेच्या ट्रेमध्ये झाकून ठेवलेलं होतं. कांद्याच्या कडा काळ्या आणि मिरचीला अजून थोडा करकरीतपणा असेल, तर ताट आत्ता भरलेलं आहे.

एका माणसाच्या फहितात साधारण अर्धा पाउंड मांस धरतात, दोघांच्यात एक पाउंड. सोबत भात, बीन्स, पिको दे गायो (टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर), ग्वाकामोले (ठेचलेलं अव्होकाडो), सावर क्रीम आणि तीन-चार टॉर्टिया. दोघांचं ताट आणि एक कॉम्बिनेशन प्लेट (दोन-तीन पदार्थांचं एकत्र ताट) यात दोन मोठे आणि दोन लहान व्यवस्थित जेवतात. टॉर्टिया नेहमी कमी पडतात, त्या आधीच जास्त मागाव्यात आणि डबी झाकलेली ठेवावी. चिकन फहिता मागवताना मांडीचं मांस आहे का विचारा. छातीचं मांस त्या तापलेल्या तव्यावर बसल्या जागी आणखी शिजत राहतं आणि शेवटच्या घासापर्यंत लाकूड होतं. कोळंबीचीही तीच गत, ती आधी खाऊन घ्यावी.

शाकाहारी आणि बीफ न खाणाऱ्यांसाठी

आपल्याकडच्या निम्म्या मंडळींना या मुद्द्याची खरी गरज असते आणि मेनू इथे अजिबात मदत करत नाही. वेटरला “हे व्हेजिटेरियन आहे का?” असं विचारलं की तो मांसाचे तुकडे डोळ्यासमोर आणतो आणि प्रामाणिकपणे “हो” म्हणतो. म्हणून प्रश्न घटकाचा विचारावा.

लालसर मेक्सिकन भात बहुतेक ठिकाणी चिकनच्या स्टॉकमध्ये किंवा चिकनच्या मसालापुडीत शिजतो. रिफ्राइड, म्हणजे शिजवून, ठेचून परतलेल्या बीन्समध्ये डुकराची चरबी असू शकते. काही हॉटेलं आता तेल वापरतात, पण विचारल्याशिवाय कळत नाही. चारो बीन्समध्ये, म्हणजे रश्शातल्या बीन्समध्ये, बेकन बहुतेक असतंच. काळ्या बीन्सची शक्यता सगळ्यात बरी, तरी स्टॉकचा प्रश्न तिथेही विचारावा. गव्हाच्या टॉर्टियात चरबी किंवा वनस्पती तूप, दोन्हीपैकी काहीही असू शकतं. मक्याच्या टॉर्टियात मात्र मका, चुना आणि पाणी एवढंच. चिप्स ज्या तेलात तळतात त्याच तेलात विंग्जही तळल्या जाऊ शकतात. कडक पथ्य पाळणाऱ्यांनी तळणी वेगळी आहे का हे आधी विचारून घ्यावं.

सगळ्यात मोठा सापळा चीज एन्चिलाडाचा. एन्चिलाडा म्हणजे सारण भरून गुंडाळलेली, वर सॉस ओतलेली टॉर्टिया. नावात चीज, आत चीज आणि कांदा, त्यामुळे शाकाहारी माणूस निर्धास्तपणे मागवतो. पण टेक्सासमध्ये त्यावर ओतायची रीत आहे ती चिली ग्रेव्हीची किंवा चिले कोन कार्नेची. पहिलीत पीठ चरबीत भाजून, त्यात सुक्या मिरचीची पूड, जिरं आणि बरेचदा बीफचा स्टॉक घालतात; दुसरीत तर सरळ बीफचा खिमा असतो. सॉस बदलून मिळतो. टोमाटियोचा (टोमॅटोसारखं आंबट हिरवं फळ) हिरवा साल्सा किंवा टोमॅटोचा रान्चेरो मागावा, आणि स्टॉकचा प्रश्न पुन्हा विचारावा. “सिन मांतेका”, म्हणजे चरबीशिवाय, आणि “सिन काल्दो दे पोयो”, म्हणजे चिकनच्या स्टॉकशिवाय, हे दोन शब्दप्रयोग पाठ असू द्यावेत. वेटरला इंग्रजी येत असतंच, पण निरोप आत स्वयंपाक्यापर्यंत बहुधा स्पॅनिशमध्ये जातो, आणि नेमके शब्द दिले की त्याचं कामही सोपं होतं.

मग मागवावं काय? मक्याच्या टॉर्टियातल्या पालक किंवा चीजच्या एन्चिलाडा, वर हिरवा साल्सा. टॉर्टिया गरम तेलातून पटकन काढून मग भरली असेल तर ती सॉसमध्ये टिकते; ही पायरी गाळली की पाच मिनिटांत ताटात लापशी होते. दुसरा पदार्थ चिले रेयेनो: पोब्लानो मिरची भाजून, सोलून, आत चीज भरून, फेटलेल्या अंड्यात बुडवून तळलेली. अंडं चालत असेल तर मेनूतला सगळ्यात समाधान देणारा बिनमांसाचा पदार्थ हाच, आमची स्पष्ट शिफारस. सकाळीच तळून ठेवलेली असेल तर वरचं आवरण स्पंजासारखं तेल धरतं, म्हणून “ताजी तळता का?” हे विचारायला लाजू नये. व्हेज फहिता मात्र आम्ही सुचवत नाही. झुकिनी, भोपळी मिरची आणि मशरूम यांना पाणी सुटतं, ग्रिल तीच असते जिच्यावर बीफ भाजलेलं असतं, आणि दर जवळजवळ चिकनइतका लावतात. त्यापेक्षा ग्वाकामोले, काळ्या बीन्स, चिलेस तोरेआदोस आणि गरम मक्याच्या टॉर्टिया अशी सुटी ऑर्डर द्या. पोट भरतं आणि पैसेही वाचतात.

बीफ न खाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: कुरकुरीत टाको, बरिटो, नाचो यांत नुसतं ‘मीट’ लिहिलं असेल तर ते बीफच असतं. चिकन हवं तर ते तोंडाने सांगावं लागतं.

शनिवार-रविवारची भांडी

स्वयंपाकघरात खरा जीव ओतला जातो तो शनिवार-रविवारी सकाळी. मेनुदो म्हणजे वजडीचा रस्सा: ग्वाहियो मिरचीचा लाल रंग, चुन्यात सोललेले मक्याचे टपोरे दाणे, वर कच्चा कांदा, ओरेगानो आणि लिंबू. वजडी ज्यांना मनापासून आवडते त्यांनी हा चुकवू नये. ती स्वच्छ करून मऊ व्हायला कित्येक तास लागतात, म्हणून रोज होत नाही आणि दुपारपर्यंत संपते. वाटी समोर आली की आधी वास घ्या. नीट धुतलेल्या वजडीला उग्र दर्प येत नाही, आणि तुकडा मऊ झालेला असला तरी चावताना त्याचा पोत कळतो. पोझोले त्याच घराण्यातला, वजडीच्या जागी डुक्कर किंवा चिकन, वर कोबी आणि मुळा. अंडी खाणाऱ्यांसाठी मिगास आणि चिलाकिलेस ही या वेळची खासियत. टॉर्टियाचे तळलेले तुकडे मिगासमध्ये अंड्याबरोबर परततात, तर चिलाकिलेसमध्ये सॉसमध्ये घोळवतात.

एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगच्या, मोसमात रविवारची पहिली मॅच डॅलसच्या वेळेनुसार दुपारी 12 ला सुरू होते. साडेदहाला पोचलात तर टेबल, मेनुदो आणि वेटरचं लक्ष, तिन्ही मिळतं.

मॅचच्या वेळेचं गणित

नाचो आणि स्पोर्ट्स यांचं नातं याच भागातलं आहे. मूळ नाचो इग्नासिओ अनाया यांनी 1940 च्या दशकात सीमेपलीकडच्या पिएद्रास नेग्रासमध्ये केले: प्रत्येक चिपवर वेगळं चीज, वेगळी हलापेन्योची चकती. पंपातून ओतायच्या चीजचे नाचो फ्रँक लिबर्टो यांनी 1976 साली इथल्याच आर्लिंग्टन स्टेडियममध्ये विकायला आणले. बारमध्ये शक्यतो पहिल्या पद्धतीचे मागवा. ढीग करून दिलेल्या नाचोत वरचा थर छान आणि खालचा ओला गिच्च असतो. विंग्ज बऱ्या असतात, पण त्या खायला मेक्सिकन हॉटेलात जाऊ नये.

ऑर्डर कधी द्यायची याला इथे पदार्थाइतकंच महत्त्व आहे. एनएफएलचा हाफटाइम सुमारे 13 मिनिटांचा, आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्या सॉकरचा 15. त्या वेळात सगळं हॉटेल एकदम ऑर्डर देतं. एका तळणीत एकदम जास्त माल पडला की तेलाचं तापमान कोसळतं, चिप्स आणि विंग्ज मऊ पडतात; ग्रिलवर जागा नसते म्हणून फहिता वाफेच्या ट्रेमधून येतो. याला इलाज एकच: मॅच सुरू व्हायच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी मुख्य जेवण मागवून टाकणं. उशीर झालाच तर तिसरा क्वार्टर सुरू होऊन पाचेक मिनिटं झाली की स्वयंपाकघर पुन्हा मोकळं होतं.

बसण्यापूर्वी होस्टला विचारायचा एकच प्रश्न: “आज आवाज कोणत्या मॅचचा?” टीव्ही वीस असले तरी स्पीकरवर मॅच एकच लागते. डॅलस काउबॉइज, म्हणजे इथली एनएफएल टीम, खेळत असतील तर उत्तर विचारायची गरजच नाही. शनिवारी संध्याकाळी मात्र लीगा एमएक्सचं, म्हणजे मेक्सिकोच्या सॉकर लीगचं, राज्य असतं, आणि मेक्सिकोची राष्ट्रीय टीम खेळत असेल तर स्पॅनिश कॉमेंट्रीसह तो माहोल अनुभवण्यासारखा असतो, भाषा येवो न येवो. मे महिन्याच्या पहिल्या आणि सप्टेंबरच्या मधल्या आठवडाअखेरीस बॉक्सिंगच्या मोठ्या लढती ठेवायची प्रथा आहे. त्या रात्री दारात माणशी वेगळे पैसे घेतले जाऊ शकतात, फोन करून जावं.

क्रिकेटचं काय? ग्रँड प्रेरीचं मैदान याच भागात आहे. 6 जून 2024 ला तिथे अमेरिकेने पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवलं आणि ती ओव्हर टाकली होती मुंबईकडून रणजी खेळलेल्या सौरभ नेत्रावळकरने. तरीही बारमध्ये क्रिकेट लावा म्हटलं की मॅनेजर बहुधा मान हलवतो. त्यामागे अडचण परवान्याची असते. घरगुती सबस्क्रिप्शन हॉटेलात दाखवता येत नाही, त्यासाठी व्यावसायिक सबस्क्रिप्शन वेगळं घ्यावं लागतं. स्वतःचा फोन टीव्हीला जोडून द्यायची भलतीच गळ घालू नये. पंधरा-वीस जणांचा गट असेल तर आठवडाभर आधी मॅनेजरशी बोला. भारताच्या मॅचेस इथे पुष्कळदा सकाळी असतात, हॉटेल तेव्हा रिकामं असतं, आणि नाश्त्याची खात्रीची ऑर्डर मिळणार असेल तर सोय करणारे मॅनेजर असतात.

ग्लासातलं

फ्रोझन मार्गरीटाचं (टकीला आणि लिंबाचं बर्फाळ कॉकटेल) मशीन जन्मलं डॅलसमध्येच. 1971 साली मारियानो मार्टिनेझ यांच्या हॉटेलात ब्लेंडरवर एकेक ग्लास करताना चव सारखी राहीना. सेव्हन-इलेव्हनमधलं स्लर्पीचं मशीन बघून त्यांनी आइस्क्रीमचं मशीन बदलून घेतलं. ते मूळ मशीन 2005 पासून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. बर्फाचा असा मऊ चुरा होण्यासाठी साखर भरपूर लागते, त्यामुळे फ्रोझन मार्गरीटा गोडच असणार, आणि गारव्यामुळे टकीला किती आहे ते जिभेला कळत नाही. पहिला ग्लास सावकाश प्यावा.

चव हवी असेल तर ‘ऑन द रॉक्स’ मागवा: दोन भाग टकीला, एक भाग संत्र्याची लिकर, एक भाग ताज्या लिंबाचा रस. ‘फ्रेश लाइम’ असं स्पष्ट म्हणा, नाहीतर बाटलीतलं आंबट-गोड मिश्रण येतं. टकीला अगावे नावाच्या वनस्पतीपासून होते, बाटलीवर 100 टक्के अगावे लिहिलेलं असावं. तसं नसेल तर निदान 51 टक्के साखर अगावेची, बाकीची उसाची किंवा आणखी कशाची असू शकते. मार्गरीटाला ब्लांको, म्हणजे न मुरवलेली टकीला, पुरते. एक वर्षाहून जास्त मुरवलेली अन्येहो लिंबात घालणं म्हणजे पैसे वाया. मिचेलाडा, म्हणजे लिंबू, मीठ, तिखट सॉस घातलेली बिअर, उन्हाळ्यात झकास लागते. पण शाकाहाऱ्यांनी सावध राहावं. तिच्यात बरेचदा क्लॅमाटो नावाचा टोमॅटोचा रस आणि वूस्टरशर सॉसही घालतात; पहिल्यात शिंपल्यांचा अर्क असतो आणि दुसऱ्यात मासळी. लिंबू आणि मीठ एवढंच घातलेली चेलाडा मागावी. न पिणाऱ्यांसाठी ओर्चाता छान, तांदूळ आणि दालचिनीचं गार पेय. काही जण त्यात दूध घालतात, काही नाही.

वयाचा पुरावा सगळ्यांकडे मागू शकतात, केस पांढरे असले तरी. भारतातून आलेल्या पाहुण्यांचं लायसन्स बरेच ठिकाणी चालत नाही, पासपोर्ट बरोबर असू द्या. रविवारी सकाळी 10 ते 12 मध्ये दारू फक्त जेवणाबरोबर मिळते. आणि गाडी कोण चालवणार हे निघण्यापूर्वीच ठरवा. कायद्याची मर्यादा 0.08 टक्के आहे, आणि मोठ्या ग्लासातल्या दोन मार्गरीटांत ती गाठायला फार काही लागत नाही.

बिल

कॉम्बिनेशन प्लेट साधारण 12 ते 16 डॉलर, एकाचा फहिता 18 ते 25, मार्गरीटा 8 ते 12. त्यावर 8.25 टक्के कर. वेटरला टेक्सासमध्ये टिपच्या भरवशावर तासाला 2.13 डॉलर एवढाच मूळ पगार देता येतो, तेव्हा 18 ते 20 टक्के टिप हा त्यांच्या मजुरीचाच भाग समजावा. सहा-आठ जणांहून मोठ्या गटाला टिप आधीच लावलेली असू शकते, दुसऱ्यांदा देण्यापूर्वी बिल वाचा. मॅच संपेपर्यंत टेबल अडवून नुसत्या चिप्सवर बसला असाल तर टिप जरा वाढवून द्या, कारण त्या टेबलावर दोन गिऱ्हाइकं होऊन गेली असती.

उरलेलं बांधून न्यायला कोणी नाही म्हणत नाही. फहिता आणि कांदा वेगळ्या डब्यात घ्यावा, टॉर्टिया फॉइलमध्ये. मांस घरी मायक्रोवेव्हमध्ये न घालता कोरड्या लोखंडी तव्यावर दोन मिनिटं फुल आचेवर परतलं की कडा पुन्हा करपून येतात. भात चमचाभर पाणी शिंपडून झाकणाखाली गरम करावा. केसो आणि तळलेलं काही बांधून घेऊ नये.